लंडनच्या पाच जागा आणि त्यांची छायाचित्रे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानासाठी मी निवडलेला विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळावर आठी उमटली असेल, याची मला कल्पना आहे. ज्ञातीच्या संमेलनात खुनाची कथा कशाला, असा प्रश्न कोणीही विचारील. परंतु मी खुनाची कथा सांगणार नाही. त्या खुनांमुळे ज्या गल्ल्यांची छायाचित्रे जगभर जपली गेली, त्या गल्ल्या व त्यांत राहणारी माणसे मला आपणांस दाखवावयाची आहेत. चाळीस वर्षे इतिहास व भूगोल हे विषय शिकविताना मला असे दिसून आले की, विद्यार्थी राजेरजवाड्यांची चित्रे विसरतो. पण एखाद्या साध्या रस्त्याचे जुने छायाचित्र पुढे ठेवले, तर तो त्यात तासभर रमतो. आज तोच प्रयोग आपणां सर्वांबरोबर करावयाचा आहे.

प्रथम प्रकरणाची रूपरेषा. इसवी सन १८८८ च्या शरद ऋतूत लंडनच्या पूर्व भागातील व्हाइटचॅपल व त्यास लागून असलेल्या वस्तीत एकामागून एक स्त्रियांचे खून पडले. त्यांपैकी पाच खून एकाच हाताने झाले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ३१ ऑगस्ट रोजी मेरी ॲन निकल्स, ८ सप्टेंबर रोजी ॲनी चॅपमन, ३० सप्टेंबरच्या एकाच रात्री एलिझाबेथ स्ट्राइड व कॅथरीन एडोज, आणि ९ नोव्हेंबर रोजी मेरी जेन केली. मारेकरी सापडला नाही. वृत्तसंस्थेकडे आलेल्या एका पत्राखाली 'जॅक द रिपर' अशी सही होती. ते पत्र एखाद्या बातमीदारानेच रचले असावे, असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे. मात्र ते नाव जगाच्या तोंडी बसले. मारेकऱ्याला, बहुधा खोटे का होईना, नाव मिळाले आणि ज्यांचा बळी गेला त्या पाच जणी नुसता आकडा होऊन बसल्या. माझ्या मते या प्रकरणातील हा दुसरा अन्याय होय.

आता छायाचित्रांकडे वळू. १८८८ हे वर्ष छायाचित्रणाच्या इतिहासातही संस्मरणीय आहे. याच वर्षी अमेरिकेत ईस्टमनने 'कोडॅक' नावाचा हातात धरावयाचा कॅमेरा विक्रीस आणला. तथापि व्यवसायी छायाचित्रकार त्या काळी तिकाटण्यावर ठेवलेली जड पेटी आणि काचेच्या तबकड्या यांवरच काम करीत. अंधाऱ्या गल्लीचे रात्री चित्र घेणे जवळजवळ अशक्य होते. उजेडासाठी जाळावयाची भुकटी निघून जेमतेम वर्ष झाले होते. वर्तमानपत्रांची भिस्त अजून चित्रकाराच्या लेखणीवर व लाकडी ठशांवर होती. त्यामुळे त्या काळच्या सचित्र पत्रांतून आपणांस जे देखावे दिसतात ते बहुतांशी कल्पनेने रंगविलेले आहेत. मृत स्त्रियांची शवागारात ओळख पटविण्यासाठी चित्रे घेण्यात आली. पण खून झालेल्या जागी प्रेत असतानाच छायाचित्र घेतले गेले ते फक्त मेरी केलीच्या खोलीत. ते छायाचित्र आज सहज मिळते. मी ते पडद्यावर आणणार नाही. ती पंचविशीची स्त्री होती, आणि आपल्या घरातील एखाद्या मुलीचे तसे चित्र परक्यांनी पाहावे हे आपणांस कधी रुचले नसते.

जे छायाचित्र घेतलेच गेले नाही त्याचीही हकीकत ऐकण्यासारखी आहे. ३० सप्टेंबरच्या पहाटे कॅथरीन एडोजच्या झग्यावरील एप्रनचा रक्ताने माखलेला तुकडा एका पोलीस शिपायास गोल्स्टन स्ट्रीटवरील नव्या चाळवजा इमारतीच्या दारात सापडला. वरच्या भिंतीवर खडूने लिहिलेले एक वाक्य होते आणि त्यात यहुदी लोकांचा उल्लेख होता. शहर पोलिसांची इच्छा होती की उजाडेपर्यंत थांबावे व त्या अक्षरांचे छायाचित्र घ्यावे. परंतु तो रविवार होता. थोड्याच वेळात शेजारच्या पेटिकोट लेनच्या बाजारात हजारो माणसे लोटणार होती. रशिया व पोलंडमधील छळाला कंटाळून आलेले गरीब यहुदी त्या वस्तीत दाटीवाटीने राहत. काही दिवसांपूर्वीच जॉन पायझर नावाच्या यहुदी चांभारावर संशय घेऊन त्यास पकडण्यात आले होते. तो निर्दोष ठरला, तरी लोकांची माथी भडकलेलीच होती. मुख्य पोलीस आयुक्त सर चार्ल्स वॉरन स्वतः तेथे आले आणि सुमारे साडेपाच वाजता त्यांनी ती अक्षरे पुसून टाकविली.

वॉरन यांच्यावर या कृतीबद्दल पुष्कळ टीका झाली. पुरावा नाहीसा झाला हे खरेच. परंतु एका माणसाच्या गुन्ह्यासाठी अख्खी जमात दोषी ठरविण्याची लोकांस किती घाई असते, हे आपणांस कोणी समजावून सांगावयास नको. भिंतीवरचे ते वाक्य मारेकऱ्याने लिहिले होते की आधीपासूनच तेथे होते, हे आजही ठरलेले नाही. एक छायाचित्र गेले. कदाचित एक दंगल टळली. दोन्ही गोष्टी तराजूच्या दोन पारड्यांत घालून पाहाव्यात आणि ज्याने त्याने निकाल करावा. मी स्वतः वॉरन यांच्या बाजूचा आहे.

आता एकेका जागेचे चित्र पाहू.

पहिली जागा बक्स रो. छायाचित्रात एका बाजूस लहान दुमजली घरांची रांग दिसते आणि टोकाला शाळेची उंच, विटांची इमारत. मेरी ॲन निकल्स त्रेचाळीस वर्षांची होती. तिचा नवरा छापखान्यात काम करी. संसार मोडला होता. त्या रात्री थ्रॉल स्ट्रीटवरील लॉजिंग हाऊसमध्ये बिछान्याचे पैसे नाहीत म्हणून तिला बाहेर काढण्यात आले. एका बिछान्याचे भाडे साधारण चार पेन्स असे. पहाटे पावणेचारच्या सुमारास कामावर निघालेल्या एका गाडीवानास तिचे प्रेत दिसले. पुढे या गल्लीला लागलेले नाव तेथील रहिवाशांना नकोसे झाले आणि १८९२ साली तिचे नामकरण डरवर्ड स्ट्रीट असे करण्यात आले. घरे गेली, शाळेची इमारत मात्र आजही उभी आहे व तीत आता बिऱ्हाडे आहेत. या चित्रावरून मी इतकेच सांगतो की, कुप्रसिद्धी ही गुन्हेगारापेक्षा शेजाऱ्यांना अधिक काळ भोगावी लागते.

दुसरी जागा हॅनबरी स्ट्रीटवरील २९ क्रमांकाचे घर. या एका घरात सतरा माणसे राहत. त्यांच्या सोयीसाठी पुढचे दार व मागील अंगणाचे दार रात्रंदिवस उघडे असे. ॲनी चॅपमनचा नवरा श्रीमंतांकडे बग्गी हाकणारा होता. एक मुलगी आजाराने गेली, मुलगा अपंग, संसार तुटला; नवऱ्याकडून आठवड्यास येणारे दहा शिलिंग १८८६ साली त्याच्या मृत्यूबरोबर थांबले. तीही त्या रात्री बिछान्याच्या पैशांअभावी बाहेर पडली होती. खुनानंतर शेजारच्या घरांच्या खिडक्यांतून अंगण पाहण्यासाठी लोकांनी पैसे मोजले आणि गरीब रहिवाशांनी ते घेतले. घेणाऱ्यांना दोष देण्यापूर्वी देणाऱ्यांकडे पाहावे.

हे घर दीर्घकाळ टिकले. १९६७ साली 'द लंडन नोबडी नोज' या माहितीपटाच्या चित्रीकरणासाठी नट जेम्स मेसन याच अंगणात गेला. म्हणून आपणांस ते अंगण, तो कठडा, त्या पायऱ्या हलत्या चित्रातही पाहावयास मिळतात. त्यानंतर काही वर्षांतच शेजारील ट्रूमन मद्यनिर्मितीगृहाच्या विस्तारासाठी घर पाडण्यात आले.

तिसरी जागा बर्नर स्ट्रीटवरील डटफील्डचे आवार. एलिझाबेथ स्ट्राइड ही स्वीडन देशातील शेतकऱ्याची मुलगी. लंडनला येऊन तिने सुताराशी विवाह केला आणि दोघांनी मिळून कॉफीचे दुकान चालविले होते. आवाराला लागून यहुदी कामगारांचा क्लब होता. त्याचा व्यवस्थापक रात्री एक वाजता तट्टाची गाडी घेऊन आत शिरला, तेव्हा तट्टू बुजले म्हणून त्याने काडी ओढून पाहिले. हे आवार पुढे पाडले गेले व १९०९ च्या सुमारास तेथे शाळा उभी राहिली. या आवाराच्या आतील बाजूचे छायाचित्र अस्तित्वातच नाही, असे अभ्यासक धरून चालले होते. पण शंभरावर वर्षे लोटल्यानंतर, अगदी अलीकडे, एका जुन्या आल्बमात सुमारे १९०० सालचे ते चित्र सापडले. कोणा प्रवाशाने सहज चिकटविलेला तो कागद! आल्बम रद्दीत गेला असता तर ते आवार कायमचे हरवले असते. ही गोष्ट कृपया लक्षात ठेवावी. शेवटी मला तिचा उपयोग करावयाचा आहे.

चौथी जागा माइटर स्क्वेअर. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील छायाचित्रांत दगडी फरशी, वखारींच्या उंच भिंती आणि एका कोपऱ्यातील अंधार दिसतो. कॅथरीन एडोज छेचाळीस वर्षांची होती. ती आपल्या सोबत्यासह केंट परगण्यात हॉपच्या वेलींची फुले तोडण्याच्या मजुरीस जाऊन नुकतीच परतली होती. हातात पैसा उरला नव्हता. सोबत्याचे बूट अडीच शिलिंगांना गहाण पडले होते. दारूच्या अमलात सापडली म्हणून पोलिसांनी तिला ठाण्यात ठेवले व रात्री एक वाजता सोडले. पाऊण तासाने ती या चौकात मृत आढळली. गस्तीचा शिपाई साधारण चौदा मिनिटांनी त्याच जागी परत येत असे, एवढ्या अवधीत हे घडले. या जागेचे १८८८ सालचे मोजमापाचे नकाशे कॉरोनरच्या चौकशीसाठी फ्रेडरिक फॉस्टर यांनी तयार केले. छायाचित्र जेथे मुके राहते तेथे नकाशा बोलतो.

पाचवी जागा डॉर्सेट स्ट्रीटवरील मिलर्स कोर्ट. अरुंद बोळ, आत ओळीने खोल्या. तेरा क्रमांकाच्या खोलीचे बाहेरून घेतलेले त्या काळचेच छायाचित्र उपलब्ध आहे. खिडकीची फुटकी काच त्यात दिसते. खोलीचे भाडे आठवड्यास साडेचार शिलिंग, आणि थकबाकी एकोणतीस शिलिंग झालेली. ९ नोव्हेंबर हा लंडनच्या महापौरांच्या मिरवणुकीचा दिवस. एकीकडे बग्ग्या सजत होत्या, आणि दुसरीकडे घरमालकाचा माणूस भाडे मागण्यास आला व त्याने फुटक्या काचेतून आत पाहिले. अमेरिकन लेखक जॅक लंडन १९०२ साली या वस्तीत येऊन राहिला. त्याच्या पुस्तकातील डॉर्सेट स्ट्रीटचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. १९०४ मध्ये या रस्त्याचेही नाव बदलले. १९२८ च्या सुमारास उत्तरेकडील बाजू फळबाजारासाठी पाडण्यात आली आणि मिलर्स कोर्ट नाहीसे झाले.

छायाचित्र खोटे बोलत नाही, अशी एक म्हण पडून गेली आहे. ती सर्वस्वी खरी नव्हे. या प्रकरणावरील पुस्तकांत १९२०, १९३० किंवा १९६० सालची चित्रे १८८८ ची म्हणून खुशाल छापली जातात. मग खरे कसे ओळखावे? मी विद्यार्थ्यांना चार गोष्टी पाहावयास सांगत असे. पहिली, दिवे: वायूचा दिवा की विजेचा? दुसरी, पाट्या: हॅनबरी स्ट्रीटच्या घराच्या पुष्कळ चित्रांत केशकर्तनालय दिसते, पण १८८८ साली तेथे पुढील बाजूस मांजरांसाठी मांस विकले जात असे. तेव्हा ते चित्र त्या वर्षीचे नव्हे, हे सिद्ध झाले. तिसरी, माणसे: उघडझाप मंद असल्यामुळे चालणारा माणूस पुसट उमटतो आणि थांबलेला स्पष्ट, म्हणून जुन्या चित्रातील रस्ता वाटतो तितका ओस नसतो. चौथी, गल्लीचे नाव: चित्राखालील नाव जुने की बदललेले, हे नकाशाशी ताडून पाहावे. एवढी शिस्त पाळली तर छायाचित्र हा उत्तम साक्षीदार आहे. उलटतपासणी मात्र घ्यावीच लागते.

या साक्षीदाराची मुख्य साक्ष कोणती? माझ्या समजुतीप्रमाणे ती निवाऱ्याविषयी आहे. त्या पोलीस विभागात १८८८ साली २३३ लॉजिंग हाऊसे असून त्यांत सुमारे ८,५३० माणसे रात्र काढीत, असा अधिकृत अहवाल आहे. पाच जणींपैकी दोघी केवळ चार पेन्सांअभावी त्या रात्री रस्त्यावर होत्या. तेथील धर्मोपदेशक सॅम्युएल बार्नेट यांनी 'टाइम्स' पत्रास लिहून मागणी केली की पुरेसा बंदोबस्त ठेवा, रस्ते उजळा व झाडा, कत्तलखाने हलवा, घरांवर नियंत्रण ठेवा. बर्नार्ड शॉ यांनी २४ सप्टेंबरच्या 'स्टार' पत्रात उपरोधाने विचारणा केली की, सुधारकांच्या सभांनी व भाषणांनी जे साधले नाही ते एका अज्ञात मारेकऱ्याने साधले ना? कटू असले तरी ते खरे होते. चार्ल्स बूथ यांनी १८८९ साली गल्लीगल्लीची सांपत्तिक स्थिती रंगांनी दाखविणारा नकाशा प्रसिद्ध केला. सर्वांत हीन गल्ल्यांना काळा रंग होता. १८९० साली कामगारवर्गाच्या घरांचा कायदा झाला. यहुदी धनिकांनी खुनांच्या आधीच, १८८७ साली, फ्लॉवर अँड डीन स्ट्रीटवर आपल्या गरीब ज्ञातिबांधवांसाठी रॉथ्सचाइल्ड इमारती बांधल्या होत्या. ज्ञातीच्या संस्थेने काय करावे, याचा तो धडा आहे. परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जुनी घरे पाडली की तेथील सर्वांत गरीब माणसाला नव्या घराचे भाडे परवडत नाही. तो शेजारच्या गल्लीत जाऊन आणखी दाटी करतो. घर पाडण्याचे छायाचित्र निघते. माणूस कोठे गेला त्याचे छायाचित्र कोणी काढीत नाही.

आपल्या देशाचाही या गल्ल्यांशी धागा आहे. वॉरन यांच्यानंतर मुख्य आयुक्त झालेले जेम्स मनरो पूर्वी बंगालमध्ये पोलिसांचे इन्स्पेक्टर जनरल होते. निवृत्तीनंतर ते पुन्हा बंगालमध्ये आले आणि राणाघाट येथे त्यांनी वैद्यकीय मिशन चालविले. माइटर स्क्वेअरपासून काही पावलांवर, ऑल्डगेटजवळील ज्युरी स्ट्रीटवर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आयांचे वसतिगृह होते. साहेबांची मुले सांभाळीत हिंदुस्थानातून विलायतेस गेलेल्या व परतीची सोय न होता तेथे अडकलेल्या दाया त्यात आश्रय घेत. त्या बायांपैकी किती जणींची नावे आपणांस ठाऊक आहेत? पुढे याच वस्तीत सिल्हेटकडील लोक आले. ब्रिक लेनवरील एक वास्तू १७४३ साली फ्रेंच निर्वासितांचे प्रार्थनामंदिर म्हणून बांधली गेली, १८९८ पासून ती यहुदी मंदिर झाली आणि १९७६ साली मशीद. ४ मे १९७८ रोजी अल्ताब अली या तरुण बांगलादेशी कामगाराचा वर्णद्वेषातून येथेच खून झाला. त्याचे नाव मात्र लोकांनी विसरू दिले नाही. ज्या पांढऱ्या चर्चवरून व्हाइटचॅपल हे नाव पडले, त्याच्या जुन्या आवारातील उद्यानास आज अल्ताब अलीचे नाव आहे. शंभर वर्षांत जग एवढे तरी शिकले.

मारेकऱ्याचा शोध घेणारी पुस्तके आजवर ढिगाने निघाली. २०१९ साली हॅली रुबेनहोल्ड या लेखिकेचे 'द फाइव्ह' हे पुस्तक आले; त्यात केवळ त्या पाच स्त्रियांच्या जीवनाचा शोध आहे. हे काम व्हावयास १३१ वर्षे लागली. जनगणनेच्या नोंदी, अनाथालयांची दप्तरे, विवाहाच्या नोंदवह्या यांतून ती माणसे पुन्हा उभी करावी लागली. कारण त्यांचे जिवंतपणीचे चित्र जपून ठेवणारे फारसे कोणी नव्हते. ॲनी चॅपमनचे नवऱ्यासोबतचे एक छायाचित्र कुटुंबाकडे राहिले होते. त्यात ती नीटनेटक्या पोषाखात बसली आहे. ते एक चित्र पाहिले की शवागारातील चित्र मनातून पुसले जाते आणि गृहिणी दिसू लागते. कुटुंबाने जपलेल्या एका कागदाचे हे सामर्थ्य आहे.

म्हणून समारोपादाखल मी सभासद कुटुंबांना एक व्यवहारातील विनंती करतो. आपल्या घरोघरी जुनी छायाचित्रे ट्रंकेत, माळ्यावर, देवघराच्या फळीमागे पडून आहेत. दिवाळीपूर्वी ती सर्व खाली काढावीत. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीस मध्ये बसवावे आणि चित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव व साल लिहावे. पुरुषांची नावे बहुधा लिहिलेली सापडतील. बायकांच्या नावाच्या जागी 'अमक्याची आई' किंवा 'तमक्याची सून' एवढेच असेल. तेथे तिचे स्वतःचे नाव लिहावे, माहेरचेही लिहावे. चित्रात घराची ओटी, गल्ली, दुकानाची पाटी दिसत असेल तर तीही नोंदवावी. कारण ती गल्ली उद्या राहीलच असे नाही. ज्या विधवा भगिनी, निराधार आत्या वा मोलमजुरी करून वाढविणाऱ्या आज्या चित्राच्या कडेला उभ्या आहेत, त्यांची नोंद अगोदर करावी.

मंडळाने विद्यार्थी-साहाय्य निधीप्रमाणे निराधार भगिनींच्या निवाऱ्यासाठीही काही तरतूद करावी, ही सूचना मी अध्यक्षांपुढे अदबीने ठेवतो. चार पेन्स ही रक्कम लहान होती. ती वेळेवर कोणी दिली नाही, एवढेच.